हलशीचं देऊळ नेमकं कुणी बांधलं? आज्जी, मामा आणि फलक, तिघांचं तीन

नंदगडची लेक
नमस्कार मंडळी. माझं माहेर नंदगडजवळचं, राहते पुण्यात. मे महिन्यात गावी गेले होते तेव्हा लेकाला बेळगावकडच्या हलशीला, भूवराह-नरसिंहाच्या देवळात नेलं. शाळेत असताना सहलीला गेलेले, पण त्या सहलीतलं डब्यातल्या दशम्या सोडल्या तर काही आठवत नाही. लेक अकरा वर्षांचा. त्यानं प्रश्न विचारून भंडावलं आणि मला एकाचंही उत्तर धड देता येईना.

आज्जीचं म्हणणं, पांडवांनी एका रात्रीत बांधलं, कोंबडा आरवला तिथं काम थांबलं. मामाचं म्हणणं, "दगडावर दगड, चुना नाही, म्हणजे हेमाडपंतीच की गा!" फलकावर कदंब राजे. त्यावर लेक म्हणतो, "आई, कदंबा म्हणजे गोव्याची बस ना?"

आणखी एक. आत दोन गाभारे, एकमेकांकडे तोंड करून. एकात भूवराह, तो बघता क्षणी कळला. दुसरा नरसिंहाचा म्हणतात, पण मला तर शांत बसलेला देव दिसला. पोट फाडणारा नरसिंह कुठाय? पुजारी घाईत होते, विचारायचं राहून गेलं.

टिळकवाडीचा बंड्या
पांडवांनी आपल्या भागात इतकी देवळं बांधलीत, की वनवासात त्यांना जेवायला सवड कधी मिळाली देव जाणे. बाकी जाणकार सांगतील. मी आपला पाटावर बसलोय.

रिटायर मास्तर, खानापूर
ताई, माझी सगळी नोकरी खानापूर तालुक्यातच झाली. हलशीला पोरांच्या किती सहली नेल्या ते मोजलं नाही. एका बोटानं टाइप करतोय, उशीर झाला तर सांभाळून घ्या.

आधी लेकाला शाबासकी द्या. बेळगावहून पणजीला जाताना दिसते त्या बसचं नाव ह्याच घराण्यावरून पडलंय. कर्नाटकातल्या बनवासीचे कदंब जुने, चौथ्या ते सहाव्या शतकातले. गोव्याचे कदंब त्यानंतर कित्येक पिढ्यांनी आले, पण आपलं कूळ तेच म्हणून सांगायचे. हलशी दोघांनाही प्यारी. आज खानापूरहून चौदा-पंधरा किलोमीटरवरचं साधं गाव दिसतं, पण बनवासीवाल्यांची ती दुसरी राजधानी होती. तेव्हाचं नाव पलाशिका, पळसावरून पडलेलं. पुढं "हलसिगे बारा हजार" असा अख्खा प्रांत तिच्या नावानं ओळखला जायचा.

मामांना माझा नमस्कार सांगा आणि एवढंच विचारा, की हेमाडपंत जन्मायच्या आधी हेमाडपंती देऊळ कसं बांधलं? तो देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे १२६० नंतरचा माणूस. हलशीच्या शिलालेखात गोव्याच्या पेर्माडी कदंबानं इथल्या नरसिंहाला दान दिल्याची नोंद आहे, आणि साल घातलंय कलियुगाचं ४२७०. शक नव्हे, कलियुग! त्या घराण्याची ती खोडच होती. त्यातून ३१०१ वजा करा, इसवी सन ११६९ येतं. हे गणित मी पोरांना तिथं देवळातच बसवून घालायचो. शाळेत वजाबाकीला रडणारी पोरं तिथं पटापट उत्तर द्यायची.

पेर्माडीचं बिरुद शिवचित्त. त्याचा भाऊ विजयादित्य, तो विष्णुचित्त. दोघांनी मिळून राज्य केलं, आणि ह्या देवाला दानं दोघांचीही आहेत. शिवभक्त म्हणवणारा राजा नरसिंहाला दान देतो. बघा म्हणजे.

आता समोरासमोरचे गाभारे. वराहानं मारला हिरण्याक्ष, नरसिंहानं हिरण्यकशिपू, आणि हे दोघं सख्खे भाऊ. दोन भावांना मारणारे दोन अवतार एकमेकांकडे बघत उभे, आणि दान देणारे राजेही दोन भाऊ. हा जोड माझा आहे, कुठं कोरलेला नाही. मास्तरकीची खोड, दुसरं काय.

तुम्हाला दिसला तो बसलेला देव म्हणजे नारायण. नरसिंह, सूर्य त्याच गाभाऱ्यात आहेत, पण समोर मोठा नारायण असल्यावर नजर पलीकडे जात नाही. मीही पहिल्या खेपेला नरसिंह न बघताच परतलो होतो, आणि शाळेत येऊन पोरांना त्याचं वर्णन ठोकून दिलं होतं.

एक गोष्ट फलक वाचून लक्षात येत नाही. हलशीचा सगळ्यात जुना लेखी पुरावा ह्या देवळाचा नाहीच, तो जैनांच्या दानांचा आहे. गावाबाहेर चक्रतीर्थ म्हणून विहीर आहे, तिच्याजवळ मातीच्या ढिगात कदंबांचे ताम्रपट सापडले. शिलालेखांचे इंग्रज अभ्यासक फ्लीटसाहेब, त्यांनी ते १८७७ मध्ये छापले. त्यातला मृगेशवर्मा सांगतो, की वडिलांच्या आठवणीसाठी पलाशिकेत जिनालय बांधलं आणि ३३ निवर्तनं जमीन दिली, यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक अशा जैनांच्या तीन पंथांच्या साधूंसाठी. ही गोष्ट पाचव्या शतकातली. आपल्या नरसिंहाच्या शिलालेखाहून सहाशे-सातशे वर्षं आधीची. ताम्रपटांची भाषा संस्कृत, तेव्हा मराठी-कानडीचं भांडण इथं कुणी काढू नये ही विनंती.

राहिली आज्जीची गोष्ट. दंतकथेला हसू नका, तिलाही वय असतं. कदंबांचंच घ्या. शिमोग्याकडे तालगुंद्याला पाचव्या शतकातला त्यांचा स्तंभलेख आहे. त्यात साधंच सांगितलंय, की घराजवळ कदंबाचं झाड होतं, त्याची निगा राखायचे म्हणून कदंब नाव पडलं. मूळपुरुष मयूरशर्मा कांचीला शिकायला गेलेला बामणाचा पोरगा. तिथल्या पल्लव राजांच्या घोडेस्वाराशी वाजलं, म्हणून दर्भ टाकून तलवार धरली. आता गोव्याच्या कदंबांचे बाराव्या शतकातले लेख वाचा. शंकरानं त्रिपुरासुराला मारलं, कपाळावरचा घाम पुसला, थेंब कदंबाच्या मुळाशी पडला आणि त्यातून कदंबांचा मूळपुरुष, तीन डोळ्यांचा, चार हातांचा जयंत जन्मला! झाड तेच राहिलं. त्याखालचा विद्यार्थी मात्र सातशे वर्षांत शंकराचा पोर झाला. दोन्ही गोष्टी दगडावर कोरलेल्या, दोन्हींचा काळ माहीत. गोष्ट वाढताना अशी हाताला लागते कुठं?

भीमगडकर
मास्तर, नमस्कार. मी तुमच्याच एका सहलीत सायकलवरून पडलो होतो बहुतेक. एक शंका. आमच्याकडे सगळे म्हणतात हलशी हे नाव फणसावरून आलं. कानडीत फणसाला हलसिन हण्णु म्हणतात ना? पळस कुठून आला?

रिटायर मास्तर, खानापूर
पडणारे बरेच होते बाबा, कुणाकुणाला लक्षात ठेवू! जुन्या कानडीतल्या "प"चा पुढं "ह" झाला. पाल म्हणजे दूध, त्याचं हालु, पुलि म्हणजे वाघ, त्याचं हुलि, तसं पळसिगेचं हलसिगे. हलसु म्हणजे फणस, तोही आधी पलसु होता, म्हणून दोन्ही झाडं एकाच दारात येऊन उभी राहतात. पण ताम्रपटात पलाशिका लिहिलंय आणि पलाश म्हणजे पळस, तेव्हा माझं मत पळसाला. फणस खायला मात्र जरूर बोलवा.

कित्तूरची सून
हलशीला जाणाऱ्यांनी कित्तूरजवळच्या देगावलाही जावं. तिथलं कमलनारायणाचं देऊळ ह्याच पेर्माडीची राणी कमलादेवी हिनं बांधवलं. नावात राणी आधी, नारायण मागून. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नवरा बाहेर गाडीत बसून होता, "पाच मिनिटांत ये" म्हणाला. तासाभरानं शोधत आत आला आणि मग तोच बाहेर निघेना. हलशीत गोकर्णेश्वर, कपिलेश्वर, सुवर्णेश्वर आहेत, तेही सोडू नका. वराह बघितला की लोक गाडी वळवतात.

नंदगडची लेक
मास्तर, काय लिहिलंय तुम्ही! लेकानं वजाबाकी स्वतः केली, आता भेटेल त्याला सालं सांगत फिरतोय. मामा गप्प आहे, दिवाळीला बघू म्हणतो.

आज्जीला फोनवर सगळं वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं, मधे दोनदा "हं" म्हणाली. मग म्हणते, "त्या मास्तराला इचार, घामाच्या थेंबातनं माणूस झाला ते लिवून ठेवलंय म्हणून ऱ्हायलं आणि माझे पांडव तेवढे खोटे व्हय? माझंबी कुणीतरी दगडावर लिवा की."

रिटायर मास्तर, खानापूर
आज्जींना साष्टांग नमस्कार. ह्याला माझ्याकडे उत्तर नाही.