न्यूझीलंड, दोघंच, स्वतः गाडी चालवत: एजंटची यादी छाटायला मदत हवी

बावड्याची_पावसाळी

मंडळी, सल्ला हवाय. मी ५६ ची, नवरा ६१ चा, नुकताच बँकेतून निवृत्त. मार्चअखेर ते एप्रिल असे दोन आठवडे न्यूझीलंडला जायचं ठरतंय. मुलं सोबत नाहीत, ग्रुप टूर तर नकोच. गाडी दोघंही चालवतो. घाट असला की तो, गर्दी असली की मी. करूळ घाट पावसात सुद्धा सवयीचा आहे, त्यामुळे रस्त्याची भीती नाही. भीती आहे ती एजंटने पाठवलेल्या कागदाची.

त्यात लिहिलंय: ऑकलंड, रोटोरुआ, वेलिंग्टन, फेरीने पिक्टन, नेल्सन, फ्रान्झ जोसेफ, क्वीन्सटाउन, तिथून एका दिवसात मिलफर्ड साउंड (उंच कड्यांमध्ये शिरलेली समुद्राची खाडी) जाऊन-येऊन, मग माउंट कुक, मग क्राइस्टचर्च. सलग दोन रात्री मुक्काम फक्त क्वीन्सटाउनला, आणि त्यातला मधला दिवस मिलफर्डने गिळलाय. "काकू, एवढ्या लांब जाताय तर सगळं बघून घ्या." अरे बाबा, आम्हाला सगळं बघायचंच नाहीये. सकाळी निवांत चहा, दोन-तीन तास गाडी, मनात आलं की थांबायचं, संध्याकाळी तळ्याकाठी पाय पसरून बसायचं. नवऱ्याचा गुडघा कुरकुरतो, सपाटीवर तासभर चालतो, चढ नको.

तर दोन्ही बेटं करावीत का? मिलफर्डचं काय करावं? कॅम्परव्हॅन की साधी गाडी? आपलं लायसन्स चालतं का? नवरा शाकाहारी आहे, मी नाही. आणि भडंग, कांदा-लसूण चटणी नेता येते का? (हा शेवटचा प्रश्न त्याचा. व्हिसाआधी हाच विचारला.)

---

सातारी_क्राइस्टचर्चकर

ताई, इथेच राहतो, आणि येणारे पाहुणे असलेच कागद घेऊन येतात. पहिलं काम, उत्तर बेट पूर्ण खोडा. ते वाईट आहे म्हणून नाही, तुम्हाला जे हवंय ते सगळं दक्षिण बेटात एका अर्धवर्तुळात मिळतं म्हणून. सिंगापूरहून थेट क्राइस्टचर्चला विमान येतं, ऑकलंडला उतरायचीही गरज नाही.

उतरल्या दिवशी गाडी ताब्यात घेऊ नका. तुमच्याकडे पहाटेचे तीन वाजले असतील तेव्हा इथे सकाळचे साडेदहा असतात (एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, मग साडेनऊ). तशा डोक्याने परक्या देशात स्टिअरिंग धरायचं नाही. टॅक्सीने हॉटेल गाठा, झोपा, दुसऱ्या दिवशी बोटॅनिक गार्डनमध्ये हिंडा, मग गाडी.

पुढे माझ्या मते चारच मुक्काम: टेकापो, वानाका, टे आनाऊ, आणि शेवटी क्वीन्सटाउन किंवा त्याच्याजवळचं ॲरोटाउन. प्रत्येक ठिकाणी जमलं तर तीन रात्री. गाडी क्वीन्सटाउनलाच सोडून द्या आणि तिथून विमान धरा. वन-वे भाडं थोडं जास्त पडतं, पण तोच रस्ता उलटा तुडवण्यापेक्षा बरं. परतीचं विमान ऑस्ट्रेलियातून असेल तर तिकीट काढायच्या आधी ट्रान्झिट व्हिसाचं बघा.

क्राइस्टचर्च ते टेकापो सव्वादोनशे किलोमीटर, तीन तास. पण जेरल्डाइन आणि फेअरली अशी दोन गावं वाटेत आहेत, दोन्हीकडे थांबावंसं वाटतं. टेकापोचं पाणी फोटोत रंगवल्यासारखं दिसतं, पण ते खरंच तसं आहे. हिमनद्या खडक दळून पिठासारखा बारीक गाळ करतात, तो पाण्यात तरंगत राहतो आणि प्रकाश विखुरतो. काठावरचं १९३५ चं दगडी चर्च छोटं आहे, आत वेदीमागच्या खिडकीतून थेट तळं दिसतं. आत फोटो काढायला मनाई आहे, आणि ते उत्तमच आहे. रात्री आभाळ बघा. हा सगळा भाग २०१२ पासून राखीव अंधार-क्षेत्र आहे, गावातले दिवेसुद्धा खाली तोंड करून लावलेले. साहेबांच्या गुडघ्यासाठी गावातच गरम पाण्याचे कुंड आहेत.

माउंट कुकला वेगळा मुक्काम नको. टेकापोहून १०५ किलोमीटर आहे, सकाळी जा, संध्याकाळी परत. पुकाकी तळ्याच्या काठाने जाणारा शेवटचा ५५ किलोमीटरचा रस्ता हेच खरं प्रेक्षणीय स्थळ, समोर ३७२४ मीटरचं शिखर वाढत वाढत अंगावर येतं. हूकर व्हॅलीची वाट जाऊन-येऊन १० किलोमीटर आहे, तुमच्यासाठी ती नको. कीआ पॉइंटची तासाभराची वाट पुरेशी.

आता मिलफर्ड. क्वीन्सटाउनहून एका बाजूने जवळपास २९० किलोमीटर. म्हणजे दिवसाला पावणेसहाशे, नुसते गाडीत आठ तास, मध्ये बोट. हा प्रकार तुम्ही लिहिलेल्या सुट्टीच्या बरोब्बर विरुद्ध आहे. टे आनाऊला राहिलात तर तेच अंतर ११८ किलोमीटर होतं. टाकी टे आनाऊलाच फुल्ल करा, पुढे मोबाइलची रेंजही जाते. क्वीन्सटाउनच्या बसगाड्या भर दुपारी येऊन थडकतात, म्हणून बोट सकाळची लवकरची घ्या नाहीतर तीननंतरची. वाटेत होमर बोगदा लागतो, सव्वा किलोमीटरचा, १९५४ साली खुला झालेला, भिंती न तासता नुसता खडक फोडलेला, आणि मिलफर्डच्या बाजूला चांगलाच उतार. तोंडाशी सिग्नलला थांबलात की कीआ नावाचे हिरवे डोंगरी पोपट टपावर येऊन बसतात आणि दारांचं, काचांचं रबर उचकटतात. त्यांना खायला देऊ नका, कितीही लाडात आले तरी.

पाऊस असेल म्हणून मिलफर्ड रद्द करू नका. तिथे वर्षाला साडेसहा मीटरच्या आसपास पडतो, गगनबावड्याच्या माणसाला पावसाचं मी काय सांगणार. कोरड्या दिवशी दोनच मोठे धबधबे असतात. पावसात अख्ख्या कड्यांवरून शेकडो सुटतात.

टे आनाऊला तळ्याकाठी पक्ष्यांचं छोटं अभयारण्य आहे, तिथे ताकाहे बघा. निळा-हिरवा, लाल चोचीचा, कोंबडीएवढा जाड, उडता न येणारा पक्षी. नामशेष झाला असं सगळे धरून चालले होते, तो १९४८ मध्ये तळ्यापलीकडच्याच डोंगरात सापडला. वाट सपाट आहे, बाकं आहेत.

गाडी चालवायला डावी बाजू, आपल्यासारखीच. टोयोटा मिळाली तर इंडिकेटरही मारुतीसारखा उजव्या हाताला. वेगळं ते एकपदरी पुलांचं. लाल वर्तुळात तुमच्या दिशेचा छोटा लाल बाण दिसला तर थांबायचं, समोरच्याला जाऊ द्यायचं. निळ्या पाटीवर मोठा पांढरा बाण असेल तर तुम्ही आधी. गोलचौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट. स्टॉपच्या पाटीला चाक पूर्ण थांबलं पाहिजे, "हळू केली होती" चालत नाही. तुमच्या बाजूला अखंड पिवळी रेघ असेल तर ओव्हरटेक नाही. मर्यादा १०० ची असली तरी वळणांवर ७०-८० नेच जाल, आणि ते ठीक आहे. फक्त मागे रांग लागली की जागा बघून डावीकडे घ्या. इथली माणसं हॉर्न वाजवत नाहीत, सरळ *५५५ फिरवून पोलिसांना कळवतात.

---

भाकरी_थापणारी

लायसन्स: महाराष्ट्राचं कार्ड इंग्रजीत आहे, ते चालतं. मूळ कार्ड जवळ ठेवा, मोबाइलमधलं नको. गाडीच्या करारात दोघांची नावं चालक म्हणून घाला.

कॅम्परव्हॅन नको. रोज पाणी भरा, घाण पाणी टाका, रात्री थंडीत उठा. त्यापेक्षा किचन असलेलं मोटेल घ्या. शेगडी, पातेली, फ्रिज, केटली सगळं असतं, आणि चावी देताना बऱ्याच ठिकाणी हातात दुधाचा छोटा खोकाही देतात. तांदूळ, डाळ, भाज्या क्राइस्टचर्चलाच मोठ्या सुपरमार्केटमधून भरा, टेकापोचं दुकान लहान आणि महाग. देशी रेस्टॉरंट वानाका, टे आनाऊ, क्वीन्सटाउनला मिळतील.

भडंगाचं: बंद पाकिटातलं न्या आणि आगमनाच्या ऑनलाइन घोषणापत्रात "खाद्यपदार्थ आहेत" ला हो म्हणा. चटणीसुद्धा. जाहीर केलंत तर फार तर काढून घेतील. लपवलंत आणि सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड, पर्समध्ये राहिलेल्या केळ्यालाही. मध, ताजी फळं, ओला कढीपत्ता, पेढे-खवा घरीच राहू द्या. बुटांच्या तळव्यांची माती ब्रशने घासून काढा, तेही बघतात.

---

दर्याकिनारी

सगळं पटलं, पण सातारी साहेबांनी वेस्ट कोस्ट एका ओळीतही आणला नाही! वानाकाहून हास्ट पासने समुद्रावर उतरणारा रस्ता, एका बाजूला टास्मान समुद्र, दुसऱ्या बाजूला रेनफॉरेस्ट, मग हिमनद्या. क्वीन्सटाउनमध्ये काय ठेवलंय? दुकानं आणि बंजी. ते काढा आणि हे घाला.

---

सातारी_क्राइस्टचर्चकर

@दर्याकिनारी, रस्ता सुंदर, वाद नाही. पण वानाका ते फ्रान्झ जोसेफ पावणेतीनशेच्या पुढे, तिथून क्राइस्टचर्चला पुन्हा आर्थर्स पासवरून दिवसभर. आणि हिमनद्या इतक्या मागे सरकल्यात की जवळून बघायला हेलिकॉप्टर लागतं. वर सँडफ्लाय, म्हणजे चावणाऱ्या बारीक माश्या. (मिलफर्डलाही आहेत, ताई, मलम जवळ ठेवा.) तुम्हाला हास्टचा मोह झालाच तर वानाकाहून सकाळी निघून ब्लू पूल्सपर्यंत (निळ्या पाण्याचे डोह) जा आणि फिरा मागे. वानाका आणि हावेया ही दोन्ही तळी त्या तासाभरात दिसतात.

क्वीन्सटाउनबद्दल निम्मं मान्य, म्हणूनच ॲरोटाउन म्हटलं. पण १९१२ ची वाफेवर चालणारी बोट अजून वाकाटिपू तळ्यात फिरते, आणि आतून इंजिनात कोळसा टाकताना बघता येतो. निवृत्त माणसं तिथून हलत नाहीत असा माझा अनुभव.

---

बावड्याची_पावसाळी

नवऱ्याला वाचून दाखवलं. कोळशाच्या इंजिनावर तो विकला गेला, म्हणजे क्वीन्सटाउन पक्कं. हास्ट अर्ध्या दिवसाचं. एजंटला "उत्तर बेट नको" कळवलं तर म्हणतो, पॅकेज बसणार नाही. मग तुझ्याकडून फक्त विमान आणि व्हिसाच घेतो म्हटलं.

दोन शंका. तारखा ईस्टरला येताहेत, अडचण आहे का? आणि गाडीचा विमा किती घ्यावा?

---

सातारी_क्राइस्टचर्चकर

ईस्टर टाळता आला तर टाळा. गुड फ्रायडे आणि ईस्टर संडेला बहुतेक सुपरमार्केटं कायद्याने बंद, कॅफे उघडे असले तर बिलावर सुट्टीचा अधिभार. सम वर्षात त्याच वीकएंडला वानाकाला जुन्या लढाऊ विमानांचा मोठा मेळा भरतो, खोली मिळणं मुश्कील. मी असतो तर सगळं दोन आठवडे पुढे ढकललं असतं. एप्रिलच्या उत्तरार्धात ॲरोटाउनची झाडं पिवळी-तांबडी होतात. सूर्य मात्र सहाच्या आतबाहेर मावळतो, म्हणजे दुपारी चारला गाडी लावून मोकळं व्हायचं. तुम्हाला तसंही तेच हवंय.

विमा पूर्ण घ्या, ज्यात अपघातानंतर तुमच्या खिशातून काही जायचं नाही असा. खडीच्या रस्त्यावरचं नुकसान बहुधा धरत नाहीत, ते करारात वाचा, आणि समोरच्या ट्रकच्या चाकातून उडालेल्या खड्याने काच तडकली तर कोण भरणार तेही विचारा. गाडी घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, चाकाच्या रिमसकट. क्रेडिट कार्ड ज्याच्या नावाने करार त्याचंच लागतं, डेबिट कार्डावर अडवतात.