सी-१ची नोटीस लागली की लगेच घर सोडायचं?

गिरणगावकर
काल इथे 'पक्कं बांधकाम' यांनी लिहिलं होतं, की इमारत पडली की सगळे पालिकेला शिव्या घालतात, पण नोटीस आली तेव्हा न हलणारीही हीच माणसं असतात. इमारत सी-१, म्हणजे अतिधोकादायक, ठरली की दुसऱ्या दिवशी वीज-पाणी तोडा, पोलीस आणा, बाहेर काढा. तरीही राहिले तर त्यांच्या मरणाला तेच जबाबदार. या शेवटच्या वाक्याने रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी पागडीच्या इमारतीत वाढलो, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे घेऊन पुढे नाममात्र भाड्याने दिलेल्या खोल्यांत. तिसरा मजला, सामायिक संडास, लाकडी जिना. भाडं इतकं कमी की मालक पावती फाडायलाही वर्षातून एकदाच यायचा. १९४७च्या भाडे कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. १९९९च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण शून्याच्या जवळच्या आकड्याचे ४ टक्के म्हणजे किती? मालकाला दुरुस्ती परवडत नव्हती हे मी आजही मान्य करतो. पण इमारत मोडकळीला आल्यावर त्याचाच फायदा होता, कारण पडक्या इमारतीचा प्लॉट भाडेकरूंनी भरलेल्या इमारतीपेक्षा महाग जातो.

आमच्या मागच्या वाडीला नोटीस लागली. माणसं शहाण्यासारखी निघाली. बिल्डरने दोन वर्षं त्यांच्या तात्पुरत्या घरांचं भाडं दिलं, मग बंद केलं. आज तिथे पत्र्याचं कुंपण आणि आत गवत आहे. त्या वाडीतले एक काका वसईपलीकडे भाड्याच्या खोलीत वारले. त्यांच्या हातात घराचा एक कागद नव्हता. आमच्या इमारतीला नोटीस लागली तेव्हा माझ्या आईने हे सगळं पाहिलेलं होतं. ती दारात बसली आणि म्हणाली, "माझं नाव कुठल्या कागदावर आहे ते दाखवा, मग उठते."

दारावर कागद चिकटवणं म्हणजे अंमलबजावणी नव्हे. त्या कागदाबरोबर हक्काचा दुसरा कागद द्या, माणसं स्वतःहून उतरतील.

पक्कं बांधकाम
तुमच्या आईंबद्दल आदर आहे. शेवटचं वाक्य मी रागात लिहिलं, तेवढं मागे घेतो. बाकी एक शब्द मागे घेणार नाही. भेंडीबाजारची हुसैनी इमारत आठवा. ३१ ऑगस्ट २०१७. ती धोकादायक ठरून कितीतरी वर्षं झाली होती. काही कुटुंबं हललीही होती, काही राहिली. तिसाहून जास्त माणसं गेली. कागद मिळाला नाही म्हणून राहायचं, तर पोरांना कशाला घेऊन राहता? त्यांना कोण विचारतं?

गिरणगावकर
पोरांना घेऊन कुठे जायचं, ते सांगा. नातेवाइकाकडे? दहा बाय बाराच्या खोलीत आधीच सहा जण आहेत. तुम्ही कधी घर सोडलंय का असं, चाव्या कुणाच्या तरी हातात देऊन?

रिबाउंड हॅमर
मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, इमारतींच्या मजबुतीची तपासणी म्हणजे ऑडिट करतो. दोघांच्याही बोलण्यातली एक गफलत दूर करतो. सगळ्या नोटिसा 'घर सोडा'च्या नसतात. सी-१ म्हणजे राहण्यालायक नाही, पाडा. सी-२ए म्हणजे पूर्ण किंवा काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२बी रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ किरकोळ. लोक सी-२बीची नोटीसही फाडून टाकतात, आणि तीच इमारत पाच पावसाळ्यांनी सी-१ होते. मुंबई पालिका कायद्याच्या ३५३ब कलमाप्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट करून दाखला देणं ही मालकाची किंवा राहणाऱ्यांची जबाबदारी आहे. इथे किती जणांच्या सोसायटीने ते केलंय?

आणि गिरणगावकरदादा, हक्काचा कागद आहे. सी-१ इमारत पाडण्याआधी पालिकेने भाडेकरूंची यादी आणि प्रत्येकाचं चटई क्षेत्र मोजून नोंदवायचं, हे उच्च न्यायालयाने २०१४ साली घालून दिलेलं आहे. इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क मरत नाही.

गिरणगावकर
कागदावर आहे. आमच्या मजल्यावर मोजायला कुणी आलं नव्हतं. आम्ही स्वतः अर्ज केला, तीन वेळा चकरा मारल्या, तेव्हा एक माणूस टेप घेऊन आला. ज्यांना हे माहीतच नाही ते कुठे जाणार? पण नियम आहे हे खरं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. तेवढं तुमचं बरोबर.

पागडी पीडित मालक
मालकाची बाजू कुणी मांडणार आहे का? माझ्या आजोबांनी बांधलेली इमारत. महिन्याचं सगळं भाडं एकत्र केलं तरी प्लंबरचं एक बिल निघत नाही. भाडेकरूंचे दागिने, गाड्या बघा. खोली विकताना पागडीचे लाखो रुपये हातात येतात, आणि दुरुस्तीला वर्गणी मागितली की "मालक बघेल". मी ऑडिट करून घेतलं तर म्हणाले, मालकाने पैसे देऊन सी-१ आणला. त्यांनी दुसऱ्या इंजिनियरकडून सी-२बीचा अहवाल आणला. दोन अहवाल, एकच इमारत. अहवाल जुळले नाहीत की निर्णय देणाऱ्या पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे प्रकरण गेलं आणि तिथेच एक पावसाळा निघून गेला. त्या पावसाळ्यात गॅलरीचा कठडा पडला. नशिबाने खाली कुणी नव्हतं.

रिबाउंड हॅमर
हे मात्र आमच्या धंद्याला लागलेलं खरं दुखणं आहे. मालकाने बोलावलेला इंजिनियर सी-१ लिहितो, भाडेकरूंनी बोलावलेला सी-२बी. फी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघून अहवाल लिहिणारे आमच्यातच आहेत. हातोडा मारून बघितला, दोन फोटो काढले, झालं ऑडिट. काँक्रीटचा नमुना (कोअर) काढत नाहीत, गंजाचा अंदाज देणारी हाफ-सेल चाचणी करत नाहीत, सळई किती गंजली हे उघडून बघत नाहीत. मला याची लाज वाटते.

वरचा मजला
इथे सगळे जुन्या चाळींवर बोलताहेत म्हणून राहवलं नाही. आमची १९८८ची सोसायटी आहे, पागडी नाही, मालकी हक्काची घरं. मी सर्वात वरच्या मजल्यावर राहते. नऊ पावसाळे गच्चीतून गळती होतेय. हॉलच्या कोपऱ्यात बादली, बेडरूममध्ये परात. सोसायटी म्हणते, तुमच्या घरात गळतं म्हणजे तुम्ही बघा. मी घर घेतलं तेव्हा गच्ची घेतली नव्हती. कोणती पालिका याची नोटीस काढते?

सेक्रेटरी बी विंग
ताई, मी दुसऱ्या सोसायटीचा, पण सेक्रेटरी म्हणून सांगतो, सगळा दोष आमच्यावर टाकू नका. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि त्यावर चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर) करायचा तर खर्च मोठा. सर्वसाधारण सभेत ठराव मांडला की पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावरचे म्हणतात, आमच्याकडे गळत नाही, आम्ही का भरायचं. मग आम्ही डांबर ओततो. दोन पावसाळे टिकतं, तिसऱ्याला पुन्हा तेच.

वरचा मजला
म्हणजे खालच्या मजल्यांवरच्यांचं मत पडलं की मी पाण्यात झोपायचं? सोसायट्यांचे नियम, म्हणजे आदर्श उपविधी, उघडा. गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याने वरच्या मजल्याचं छत खराब झालं, तर ते दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे, सोसायटीच्या खर्चाने. बाथरूममधून खालच्या घरात गेलं तर वरच्या सभासदाचं. स्पष्ट लिहिलंय. सेक्रेटरी झालात तर हे पाठ हवं.

सेक्रेटरी बी विंग
पाठ आहे. पैसा नाही. त्याच उपविधीत दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (भविष्यातल्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम) किमान ०.२५ टक्के सांगितलाय. तुमची इमारत १९८८ची, तेव्हाचा बांधकाम खर्च आठवा आणि त्याचे पाऊण टक्के काढा. कमाल कुणी बांधलेली नाही, पण किमानाच्या वर जाऊ म्हटलं की सभेत खुर्च्या फेकतात. मला एकाने "चोर" म्हटलं, सगळ्यांसमोर. बारा वर्षं फुकट काम करतोय.

कल्याण लोकल
सेक्रेटरीसाहेब, सगळेच तुमच्यासारखे नसतात. आमच्याकडे निधी होता, त्यातून गेटला ग्रॅनाइट लावलं आणि लॉबीत फॉल्स सीलिंग केलं. कॉलमला तडे तसेच. ग्रॅनाइट बाहेरून दिसतं ना.

सेक्रेटरी बी विंग
तुमच्या कमिटीची शिक्षा मला का?

दुकानाच्या वर
गळतीवर एवढं बोललात, पण गळतीने माणूस लगेच मरत नाही. खालचा दुकानदार कॉलम छाटतो तेव्हा मरतो. घाटकोपरची सिद्धी-साई, २५ जुलै २०१७, १७ जण गेले. तळमजल्यावर अंतर्गत काम चालू होतं. डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडईची इमारत, २७ सप्टेंबर २०१३, ६१ बळी. तिचंही खापर तळमजल्यावरच्या गोदामातल्या फेरफारांवर फुटलं. आणि ती इमारत पालिकेची स्वतःची होती, राहणारे पालिकेच्याच बाजार खात्यातले कर्मचारी. पक्कं बांधकाम, आता सांगा, तिथे नोटीस कोणी कोणाला द्यायची होती?

आमच्या खालच्या दुकानात रात्री अकरा वाजता ब्रेकर चालतो. मी तक्रार केली. दुसऱ्या दिवशी दुकानदार माझं नाव घेऊन वर आला. तक्रार मी गुप्त ठेवायला सांगितली होती.

पक्कं बांधकाम
बाबू गेनूवर माझ्याकडे उत्तर नाही. मान्य. पालिका स्वतःची इमारत सांभाळू शकली नाही तर दुसऱ्याला नोटीस देताना तिचा आवाज बसतो, हेही मान्य. पण म्हणून नोटीसच देऊ नये का? उलट मी म्हणतो की दिली तर अमलात आणा. विरारची रमाबाई अपार्टमेंट गेल्या वर्षी, २०२५च्या ऑगस्टमध्ये पडली, १७ माणसं गेली. जेमतेम बारा-तेरा वर्षांची, बेकायदा इमारत. तिथे पागडी नव्हती, १९४०चं भाडं नव्हतं. मुंब्र्याच्या शीळफाट्यावर २०१३च्या एप्रिलमध्ये ७४ जण मेले, ती तर बांधकाम चालू असतानाच कोसळली. त्यात पालिकेच्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली. बांधताना डोळेझाक, पडल्यावर चौकशी. माझा राग त्या मधल्या काळावर आहे, जेव्हा सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि कुणी हलत नाही.

गिरणगावकर
हेच तुम्ही काल लिहिलं असतं तर मी हा धागा काढला नसता. काल तुम्ही त्या मधल्या काळाचा सगळा भार राहणाऱ्यांवर टाकलात.

पागडी पीडित मालक
आणि आज सगळा मालकांवर.

गिरणगावकर
मी सुरुवातीलाच लिहिलंय की तुमचं गणित खरं आहे. पुन्हा वाचा. मला तुमच्याशी भांडायचं नाही. पण तुमचा प्लॉट कुठे जात नाही, माझ्या आईची खोली गेली असती तर ती कायमची गेली असती. यात फरक आहे, आणि तुम्ही तो मानायला तयार नाही.

पागडी पीडित मालक
फरक आहे. मानतो. पण माझा प्लॉट चाळीस वर्षं नुसता नावाला माझा आहे, हेही माना.

वरचा मजला
माझं कुणी ऐकेल का? परवापासून हॉलमधलं छत फुगलंय. काल रात्री प्लॅस्टरचा तुकडा पडला, ताटाएवढा. आतली सळई दिसतेय, तांबडी, पापुद्रे सुटताहेत. कमिटीला मेसेज केला, उत्तर आलं की "दिवाळीनंतर बघू".

रिबाउंड हॅमर
ताई, याला गळती म्हणू नका. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते, म्हणून तुकडे पडतात. 'दुकानाच्या वर' यांनी लिहिलं की गळतीने माणूस लगेच मरत नाही. नऊ वर्षांनी मरतो. कमिटीला आज लेखी द्या, ई-मेल आणि पोच दोन्ही, आणि त्यात 'सळई उघडी पडली आहे' हे शब्द घाला. एक प्रत वॉर्डातल्या इमारत विभागाला. छताला खालून टेकू लागेपर्यंत हॉल वापरू नका. तुमची इमारत तिशी ओलांडलेली आहे, ३५३ब तुम्हालाही लागू आहे.

वरचा मजला
आम्ही मुंबईत नाही, शेजारच्या पालिकेत.

रिबाउंड हॅमर
तरी लागू आहे, कलमाचा आकडा फक्त वेगळा. महाराष्ट्र महानगरपालिका कायद्यात २६५अ. सेक्रेटरीसाहेब, तुमच्याकडे अशा पत्राचा नमुना असेल तर ताईंना द्या.

सेक्रेटरी बी विंग
आहे. आमच्याच कमिटीला एका सभासदाने पाठवलेलं पत्र आहे, तेव्हा मला राग आला होता. नावं काढून इथेच टाकतो, अर्ध्या तासात.

गिरणगावकर
ताई, त्या हॉलमध्ये रात्री कोण झोपतं?

वरचा मजला
सासूबाई. आत्ताच त्यांची गादी आतल्या खोलीत ओढली.