आईचा पंचाहत्तरावा क्रूझवर : तिला न सांगता पाहुणे बोलवावेत का?

माहेर_देवगड
येत्या जानेवारीत आईला ७५ पूर्ण होतील. आम्ही तिघं भावंडं मिळून तिला मुंबई-गोवा-मुंबई अशा दोन रात्रींच्या क्रूझवर नेतोय. क्रूझच का, तर आई देवगडची. १९७२ साली लग्न होऊन मुंबईला आली ती बोटीने. तेव्हा बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं होडीतून तिच्यापर्यंत जायची. आई शालू ओच्यात खोचून शिडी चढली. धाकटा मामा तेव्हा ९ वर्षांचा, तिची ट्रंक धरून होडीत बसलेला. वर पोचून तिने खाली पाहिलं तर होडी वळलेली आणि मामा पाठमोरा, ट्रंक नसलेले हात तसेच मांडीवर ठेवून. हे तिने आम्हाला इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथे असल्यासारखं मला दिसतं.

आईला वाटतंय आम्ही मुलं, सुना, जावई, नातवंडं एवढेच आहोत. पण तिची शाळेतली मैत्रीण, बोरिवलीची मावशी, अमेरिकेतला चुलतभाऊ असे आणखी सात जण जहाजावर भेटणार आहेत. आठवं नाव मामाचं. ते घालायचं की नाही यावर घरात वाद चाललाय.

२०११ पासून आई आणि मामा बोलत नाहीत. आजोबांच्या पश्चात घर आणि आंब्याची कलमं मामाच्या नावावर करताना त्याने आईकडून हक्कसोड पत्रावर सही घेतली. नुसता कागदोपत्री सोपस्कार आहे, तुझा वाटा तुझाच, असं सांगून. पुढे अर्धी कलमं विकली तेव्हा तिला शेजाऱ्यांकडून कळलं. तेव्हापासून भाऊबीजेला आई गॅलरीत उभी राहून चंद्राला ओवाळते. भाऊ जिवंत असताना.

समोरासमोर आले की राग उरणार नाही असं मला वाटतं. मामा यायला तयार आहे. माझी बायको म्हणते ही आईची फसवणूक आहे. तुम्हाला काय वाटतं?

पुणेरी_सून
तुमच्या बायकोचं बरोबर आहे. घरच्या कार्यात नको असलेलं माणूस आलं तर बाई डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत जाऊन पडते. किमान स्वयंपाकघरात तरी जाते. जहाजावर कुठे जाणार? दोन रात्री तेच जेवणघर, तीच लिफ्ट, तोच डेक. त्यात पंचवीस माणसं तिच्या तोंडाकडे बघत उभी, हातात मोबाईल. ती रडली तर तुम्ही आनंदाश्रू समजून व्हिडिओ पाठवाल. मैत्रीण, मावशी, चुलतभाऊ खुशाल लपवा. मामाला नाही.

सत्तरी_पार
मी ७२ वर्षांची आहे, म्हणून आईच्या बाजूने लिहिते. माझ्या सत्तरीला मुलांनी मला न सांगता माझी वसतिगृहातली मैत्रीण आणली. त्यांनी आधी विचारलं असतं तर मी नकोच म्हटलं असतं. कशाला तिला त्रास, कशाला खर्च, तिचे गुडघे दुखतात. आमच्या पिढीच्या बायकांना विचारलं की पहिलं उत्तर नकोच येतं. साडी घेऊ का, नको. डॉक्टरकडे जाऊ या का, नको. तेच उत्तर खरं धरून बसलात तर आम्हाला कधीच काही मिळणार नाही. म्हणून विचारू नका, करा. मामासुद्धा. तेरा-चौदा वर्षं जी चंद्राला ओवाळते, ती कोणाला ओवाळत असते हे तिला पक्कं माहीत असतं.

पुणेरी_सून
सत्तरी_पार, तुमचं नको मला पटतं, माझी आईही तशीच आहे. पण मैत्रीण आणि मामा एका मापाने मोजू नका. मैत्रिणीने तुमच्याकडून सही नव्हती घेतली. साडीला नको म्हणणं हा संकोच. भावाशी इतकी वर्षं न बोलणं हा तिने घेतलेला निर्णय आहे, आणि त्याची किंमत ती दर दिवाळीत मोजतेय.

लाटेवरचा
अकरा वर्षं बोटीवर नोकरी केली, म्हणून कामाचं तेवढं सांगतो. पहिलं, प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्र आधी द्यावं लागतं, ऐनवेळी कोणी चढू शकत नाही. अमेरिकेतल्या काकांना पासपोर्ट लागेल. दुसरं, टर्मिनलवर सामानाच्या आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेत सगळे एकमेकांना दिसतात. पाहुण्यांना दोन तास आधी आत पाठवा. तिसरं कोणाच्या लक्षात येत नाही. प्रवाशांना सुरुवातीलाच सुरक्षा कवायतीसाठी एकत्र बोलावतात, त्यातून सुटका नाही. केबिनप्रमाणे जमायची जागा ठरलेली असते. पाहुण्यांच्या केबिन आईच्या शेजारी घेतल्यात तर लाइफ जॅकेटची माहिती ऐकतानाच मैत्रीण समोर उभी दिसेल.

आणि पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायचा बेत असेल तर तो घरीच उरका. जहाजावर उघड्या ज्योतीला परवानगी नसते, निरांजनही नाही. सुपारी आणि सोन्याची अंगठी घेऊन ओवाळा.

मामाबद्दल माझं मत विचाराल तर, समुद्रावर भांडण मिटतं असं मी पाहिलेलं नाही. मोबाईलला रेंज नाही, उतरायला जागा नाही. तिथे माणूस आहे तसाच राहतो, फक्त जास्त.

रेवसकर
एक वेगळीच गोष्ट विचारतो. आईला समुद्राची भीती नाही ना, याची खात्री केलीय? १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. माझ्या आजीचे दोन भाऊ त्यात होते. आजी पुढे आयुष्यभर लाँचमध्ये बसली नाही, आणि का ते आम्हाला ती गेल्यावर कळलं. म्हाताऱ्या माणसांच्या पोटात काय असतं ते आपल्याला ठाऊक असतंच असं नाही. मग ते क्रूझचं असो नाहीतर मामाचं.

एक_भाऊ
इथे सगळे आईच्या बाजूने लिहिताहेत. मी त्या मामाच्या जागी होतो म्हणून लिहितो. माझ्याकडूनही ताईवर अन्याय झाला. कागद मी केला होता, मी नाकारत नाही. सहा वर्षं आम्ही बोललो नाही. मला जायचं होतं. दर वेळी कोणीतरी सांगायचं, आत्ता नको, आधी तिच्या कानावर घालू, तिचा मूड बघू. असं करता करता तिला पक्षाघात झाला. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा ती मला ओळखत नव्हती. तिचा हात हातात घेतला तर तिने तो परक्यासारखा काढून घेतला. माहेर_देवगड, मामाला घेऊन जा. आई चिडेल, दोन दिवस तोंड फिरवेल. फिरवू दे. तोंड फिरवायला तरी ती आहे.

सातबारा
एक_भाऊ, वाचून वाईट वाटलं. तरी विचारतो, तुम्ही ताईला भेटायला जाणार होतात तेव्हा कागदाचं काय करणार होतात? हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि त्यानंतर घरोघरी बहिणींना हक्कसोड पत्रावर सही करायला तालुक्याला नेलं गेलं. माझ्या आत्याला नेलं तेव्हा तिला वाटेत उसाचा रस पाजला होता, ती अजून सांगते. माहेर_देवगडच्या मामाने उरलेल्या कलमांबद्दल एक शब्द तरी काढलाय का? नसेल, तर सगळ्यांदेखत केक कापताना त्याला पुढे आणणं म्हणजे तिच्याकडून आणखी एक सही घेणं आहे. सगळे टाळ्या वाजवत असताना पंचाहत्तरीची बाई नाही कशी म्हणेल? त्या दिवशी तालुक्यालाही ती नाही म्हणू शकली नव्हती.

माहेर_देवगड
सगळ्यांचे आभार. सातबारा यांचं वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. मी मामाला कलमांबद्दल विचारलंच नव्हतं. परवा फोन केला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, ते आमचं आम्ही बघू.

काल रात्री आईला फक्त मामाचं सांगितलं, बाकी पाहुण्यांचं नाही. ती शेंगा सोलत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "त्याला यायचं असेल तर त्याने मला फोन करायचा. तू नाही करायचास." मी विचारलं, केला तर? "तर मी उचलेन. सही मी विसरलेले नाही, हे मी त्याला सांगणार, आणि ते त्याने ऐकून घ्यायचं. मग यायचं की नाही ते त्याने ठरवावं."

आज सकाळी चहा ओतताना आपणहून म्हणाली, "त्याला लहानपणी बोट लागायची. होडीतसुद्धा. आवळासुपारी जवळ ठेवायला सांग, आला तर."

मामाला निरोप दिलाय. नावं द्यायला अजून नऊ दिवस आहेत. फोन आलेला नाही.