नव्या घराचं कर्ज: हातात आलेला पैसा आधी तिथंच भरावा का?

पाचगावकर

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. कर्ज काढून घर घेतलं असेल, तर पहिली काही वर्षं पोटाला चिमटा काढावा आणि हाताला लागेल तो जादा पैसा कर्जात भरावा. एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याची ठरावीक गुंतवणूक), सोनं, प्लॉट हे सगळं नंतर.

आमचं कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं घर थोरल्या भावाकडं राहिलं आणि मी पाचगावला फ्लॅट घेतला. गृहवित्त कंपनीचं २५ लाखांचं कर्ज आहे, मुदत २० वर्षं, दर ८.५० टक्के, हप्ता २१,६९६ रुपये. पहिल्या हप्त्यातले १७,७०८ व्याजात गेले आणि मुद्दल कमी झालं ३,९८८ रुपयांनी. असंच चालू ठेवलं तर पाच वर्षांत १३ लाख भरून मुद्दल जेमतेम ३ लाखांनी उतरणार. पूर्ण मुदतीत २५ लाखांवर २७ लाख व्याज जाणार. मी शिरोली एमआयडीसीत नोकरी करतो. हे २७ लाख माझ्या अंगमेहनतीतून जाणार आहेत, त्यामुळं मला ते जड वाटतात.

आता भावाकडून वाट्याचे ६ लाख मिळाले आहेत. एक वर्ष झालंय, २२८ हप्ते उरलेत. ते सगळे ६ लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर उरतात १३२ हप्ते. म्हणजे आठ वर्षं कमी आणि व्याजाचे सुमारे १५ लाख वाचतात. मी ३९ वर्षांचा आहे. ५८ व्या वर्षापर्यंत हप्ता भरायचा की ५० व्या वर्षी मोकळं व्हायचं, असा हा सरळ प्रश्न आहे.

तरी कंपनीतले सगळे जण म्हणतात की कर्जात पैसे घालू नकोस. का घालू नको, हे मला नीट पटवून द्या.

फौंड्रीवाला

भावा, मी पटवतो. माझा धंदा आहे, म्हणून माझी नजर वेगळी आहे.

बाजारात माणसाला मिळणारं सगळ्यात स्वस्त कर्ज म्हणजे घराचं. धंद्याचं कॅश क्रेडिट त्यापेक्षा महाग, पर्सनल लोन त्याहून महाग, सावकाराचं तर बोलायलाच नको. स्वस्त कर्ज घाईनं फेडायचं आणि उद्या अडचण आली की महाग कर्ज काढायचं, हा उलटा व्यवहार झाला. एकदा भरलेले ६ लाख परत मागायला गेलास तर ते ‘टॉप-अप’, म्हणजे आहे त्या कर्जावर जादा कर्ज, म्हणून देणार, आणि त्यासाठी पगाराच्या स्लिपा मागणार. नोकरी गेलेल्या माणसाला टॉप-अप कोण देतं?

२०२० आठव. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडं भट्ट्या बंद होत्या. मार्च ते ऑगस्ट हप्ता पुढं ढकलायची सवलत मिळाली, पण व्याज चढतच होतं. त्या काळात ज्यांच्या खात्यात रोकड होती ते तगले. मुद्दल किती कमी केलंय ते किराणा दुकानदार विचारत नाही.

पाचगावकर

रोकड पाहिजे हे मान्य. पण किती? ६ लाख सगळेच खात्यात ठेवायचे म्हटलं तर एफडीला मिळणार कर्जाच्या दरापेक्षा कमी, आणि त्या व्याजाला कर लागू. ८.५० नं कर्ज घेऊन त्याहून कमी दरानं स्वतःचेच पैसे ठेवायचे, हे मला पटत नाही.

निर्देशांक

तुमच्या ‘१५ लाख वाचले’ या आकड्याबद्दल बोलायला पाहिजे, कारण सगळे जण इथंच फसतात.

तुम्ही ६ लाख न भरता दुसरीकडं ८.५० टक्क्यांनीच गुंतवले असं समजा. ११ वर्षांनी त्याचे साधारण १५ लाख होतात. त्याच दिवशी तुमच्या मूळ कर्जाची बाकीही साधारण १५ लाखच असते. म्हणजे ते पैसे काढून कर्ज त्याच दिवशी मिटवता येतं. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात. तेव्हा मुदतपूर्व फेडीत वेगळा फायदा नसतो, तुम्हाला तुमच्या कर्जाच्या दराएवढा परतावा मिळतो, एवढंच.

मग प्रश्न एकच उरतो: ११ वर्षांसाठी यापेक्षा जास्त मिळेल का? माझ्या मते शेअर बाजाराच्या इंडेक्स फंडात, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या म्युच्युअल फंडात, मिळण्याची शक्यता चांगली आहे. वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर जातो, तो धरूनसुद्धा. शिवाय पैसा तुमच्या हातात राहतो, दोन-तीन दिवसांत खात्यावर येतो.

पाचगावकर

हिशोब बरोबर आहे, ११ वर्षांचा मी करून बघितला. पण त्यानं माझीच बाजू भक्कम होते. कर्जात भरलेल्या रुपयाला ८.५० टक्के खात्रीनं मिळतात, वर कर नाही. पीपीएफ (सरकारी बचत योजना) ७.१ वर आहे, तोही १५ वर्षं अडकून. करमुक्त आणि खात्रीचे साडेआठ टक्के देणारी दुसरी जागा मला दाखवा. तुम्ही म्हणता ती ‘शक्यता’ आहे, आणि बाजार पडलेल्या वर्षीच मला पैसे लागले तर? ज्याच्या घरची गावाकडं शेती आहे त्यानं ती जोखीम घ्यावी. माझ्या घरात तसं नाही.

निर्देशांक

खात्रीची दुसरी जागा नाही, हे मान्य. पण ११ वर्षांत महागाई तुमचा हप्ता हलका करणार आहे, हे तुम्ही धरत नाही. आज २१,६९६ जेवढे जड वाटतात तेवढे २०३५ मध्ये वाटणार नाहीत. पगार वाढतो, हप्ता आहे तिथंच राहतो. लवकर फेड करणारा आजचा जड रुपया देऊन उद्याचा हलका रुपया वाचवतो.

कुंभार गल्लीतून वर आलेली

मी दोघांच्याही मध्ये बोलते, कारण तुमच्या हिशोबात पूर कुठंच नाही.

आमचं घर शाहूपुरीत कुंभार गल्लीत होतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ ला पुन्हा आलं. पाणी उतरल्यावर पहिल्या आठवड्यात लागतात ते रोख पैसे: गाळ काढायला, वायरिंग बदलायला, गाद्या-भांडी घ्यायला, आणि तोवर राहायला खोली भाड्यानं घ्यायला. शासनाची मदत येते तेव्हा येते. आमच्या गल्लीत एकांनी पुराच्या आदल्याच वर्षी सगळी शिल्लक कर्जात भरली होती. घर जवळजवळ कर्जमुक्त होतं, पण त्यांना सोसायटीतून चढ्या व्याजानं उचल घ्यावी लागली.

आता आम्ही मोरेवाडीला उंचावर राहतो. दादा, तुम्ही पाचगावला आहात, तिथं पुराचं भय नाही, चांगलं केलंत. पण इथं वाचणाऱ्यांपैकी कुणी नवीन घर बघत असेल, तर नागाळा पार्क, रमणमळा, बापट कॅम्प, जाधववाडी, दुधाळी या बाजूला घेताना निळी आणि लाल पूररेषा (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेषा) बघितल्याशिवाय विसार देऊ नका. आणि घराचा विमा काढा. कर्जासोबत गळ्यात मारतात तो बहुतेक वेळा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, भिंतींचा नाही. ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून मिळते, तिच्यात पूर धरलेला आहे.

माझं मत विचाराल तर घरात सहा महिन्यांचा खर्च रोख पडून असल्याशिवाय एक रुपयाही कर्जात जादा भरू नये. त्यानंतर खुशाल भरा, मी तुमच्याच बाजूची आहे.

कर्जखात्यातला निवृत्त

मंडळी, मी हयातभर कर्जखात्यात काम केलं. थोडं कामाचं बोलतो.

पाचगावकर, तुम्ही दर ८.५० लिहिलात तिथंच मी थांबलो. रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये रेपो दर (ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) ६.५० वरून ५.२५ वर आणला. बँकेचं कर्ज रेपोशी जोडलेलं असेल तर किमान तीन महिन्यांतून एकदा दर बदलावाच लागतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना ती सक्ती आहे. गृहवित्त कंपन्यांना नाही, त्या आपल्या दरानं चालतात, आणि जुन्या ग्राहकाला कपात आपोआप मिळेलच असं नाही. अर्ज करावा लागतो, फी भरून दर बदलून घ्यावा लागतो. ऐकत नसतील तर कर्ज दुसऱ्या बँकेत न्यावं. एक टक्का जरी उतरला तरी आज त्याचे महिन्याला दोन हजार होतात.

दर बदलता असेल तर घरकर्ज मुदतीआधी फेडल्याबद्दल वैयक्तिक कर्जदाराकडून दंड घेता येत नाही. काउंटरवर कुणी वेगळं सांगितलं तर लेखी मागा.

पैसे भरताना ‘हप्ता तोच, मुदत कमी’ असं अर्जात लिहा आणि पोच घ्या. काही ठिकाणी न विचारता हप्ता कमी करून देतात. मग महिन्याला थोडं हलकं वाटतं, पण मुदत तिथंच राहते.

करसवलतीसाठी कर्ज ठेवा, असा सल्ला कुणी देत असेल तर विचारून घ्या की तो कुठल्या करपद्धतीबद्दल बोलतोय. स्वतः राहत्या घराच्या व्याजाची २ लाखांची वजावट फक्त जुन्या पद्धतीत आहे. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून बरेच नोकरदार तिकडं गेले, त्यांना ही वजावट नाही.

आणि फेड झाल्यावर पेढे वाटून गप्प बसू नका. बँकेनं किंवा कंपनीनं मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे, त्यांच्याकडून उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई त्यांनी द्यायची. पण सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर बोजा (कर्जाची नोंद) चढला असेल, तर तो तुम्हीच मागं लागून कमी करून घ्या. घर विकायच्या दिवशी जुना बोजा निघाल्यावर व्यवहार अडलेले मी पुष्कळ बघितले.

स्वयंपाकघरातून

सगळ्यांचे आकडे वाचले. मला ‘पोटाला चिमटा काढून’ या शब्दांवर बोलायचं आहे. दादा, हे पोट कुणाचं?

नवीन घरात गेल्यावर खर्च वाढतो, तो कुणीच लिहिला नाही. सोसायटीचा मेंटेनन्स, पेठेत चालत होणारी कामं आता गाडीवर म्हणून पेट्रोल, मुलीची रिक्षा, पाण्याचा टँकर. वास्तुशांतीचा खर्च झालेला असतो, फर्निचरचं वेगळं कर्ज असतं. त्यात नवरा ठरवतो की पाच वर्षं काटकसर करायची, आणि ती काटकसर उतरते बाईच्या हातात. दुधाचा रतीब कमी करायचा तिनं, मुलीला क्लासला नाही म्हणायचं तिनं, स्वतःच्या गुडघ्याचा एक्स-रे पुढं ढकलायचा तिनं. पासबुकात मुद्दल कमी झालेलं दिसतं, हे कुठं लिहिलेलं दिसत नाही.

कर्ज लवकर फेडायला माझा विरोध नाही. पण वहिनींना विचारलंत का? घर दोघांच्या नावावर आहे का?

पाचगावकर

ताई, घर दोघांच्या नावावर आहे, हप्त्यात तिचाही पगार जातो. आणि तिचं म्हणणं तुमच्यासारखंच आहे. ती म्हणते ६ लाख ठेवूया, मुलगी आठवीत आहे, चार वर्षांनी पैसा लागेल. मी म्हणतो तेव्हा शैक्षणिक कर्ज मिळेल.

फौंड्रीवाला

बघ, परत तेच. शैक्षणिक कर्ज बहुतेक वेळा घरकर्जापेक्षा महाग पडतं. स्वस्त फेडून महाग घेणार. वहिनी बरोबर बोलतायत.

आणि एक विचारतो, फर्निचरचं कर्ज आहे का तुझं? किती टक्क्यांनी?

पाचगावकर

आहे. दीड लाख, १३ टक्के.

फौंड्रीवाला

मग ते आज संध्याकाळी मिटव. १३ चं ठेवून ८.५० चं फेडायला निघालायस, याला माझ्याकडं उत्तर नाही.

निर्देशांक

यावर माझं आणि फौंड्रीवाल्यांचं एकमत. आधी जास्त दराचं कर्ज, हे गणितानंही खरं आहे. शिवाय टर्म इन्शुरन्स, म्हणजे मृत्यू झाला तरच घरच्यांना रक्कम देणारा विमा, नसेल तर तो आधी घ्या. तुम्हाला काही झालं तर २४ लाखांची बाकी वहिनींच्या एका पगारावर येईल.

पाचगावकर

काल रात्री आम्ही दोघं बसलो. दीड लाख फर्निचरच्या कर्जाला. दोन लाख एफडीत, दोघांच्या नावावर, त्याला हात लावायचा नाही. उरलेले अडीच लाख घराच्या मुद्दलात. त्यानंही ४८ हप्ते कमी होतात, चार वर्षं. टर्म पॉलिसीचा अर्ज भरतोय. मुलीच्या शिक्षणासाठी फर्निचरचा जो हप्ता बंद होईल तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळी ठेवायची, ही तिची अट, मी मानली.

पण मूळ मत माझं तेच आहे. दिवाळीचा बोनस दर वर्षी कर्जातच जाणार. निर्देशांक, तुमचा हलका रुपया मला समजतो, तरी ५८ व्या वर्षी माझ्या कंपनीत मी असेन की नाही हे कोण सांगणार? लेथवरची माणसं पन्नाशीनंतर कशी बाजूला काढतात ते मी रोज बघतो. पगार वाढतच राहील असं धरून केलेल्या हिशोबावर मी घर ठेवू शकत नाही.

निर्देशांक

हा मुद्दा तुमच्या नोकरीपुरता मला मान्य करावा लागेल. पण सरकारी नोकरीतल्या, पंचविशी-तिशीतल्या माणसाला मी अजूनही सांगेन की भरू नको, गुंतव.

कर्जखात्यातला निवृत्त

पाचगावकर, एक क्रम लक्षात ठेवा. दर बदलून घ्यायची फी बऱ्याच ठिकाणी उरलेल्या मुद्दलावर टक्क्यानं लावतात. तेव्हा अडीच लाख आधी भरा, ते खात्यावर जमा झालेलं विवरणपत्र हातात घ्या, आणि मगच दर कमी करण्याचा अर्ज द्या.