रस्त्याकडचे ‘धोंडे’ उचला म्हणणाऱ्यांना

चौलचा वाटसरू

परवा ‘मोकळा रस्ता’ यांनी लिहिलं की रायगड जिल्ह्यात गाडी काढावी तर कुठे शिळा, कुठे स्तंभ, कुठे चौथऱ्यावर पुतळा. वाचत कोणी नाही, रुंदीकरण मात्र अडतं. तेव्हा हे सगळे ‘धोंडे’ उचला, अलिबागला एका हॉलमध्ये ओळीने मांडा आणि रस्ता मोकळा करा. खाली धडाधड अंगठे. दोन दिवस गप्प बसलो, आज राहवत नाही.

अहो, अलिबागजवळच्या आक्षीची शिळा धोंडा? वर सूर्यचंद्र, मध्ये लेख, खाली गधेगाळ, म्हणजे गाढव आणि बाईचं शापचित्र. सुरुवातच ‘जगी सुख नांदो’ अशी. पश्चिमसमुद्राधिपती केसीदेवराय, त्याचा प्रधान भइर्जू सेणुई, आणि महालक्ष्मीच्या बोडणाच्या पूजेसाठी नऊ कुवली धान्य. शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२. मराठीतला सगळ्यात जुना लेख आहे तो. आणि ती पाटी नव्हे, दानपत्र आहे. जिथलं दान तिथेच दगड रोवायचा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहतो. दान मोडणाऱ्याच्या आईचं काय होईल ते खालच्या चित्रात आहेच. दगड हलवणाऱ्यांनी ते एकदा नीट बघून यावं.

कबूल करतो, ती शिळा कित्येक वर्षं उघड्यावर पडून होती. माझे आजोबा रेवदंड्याची एसटी येईस्तोवर तिच्याजवळ उकिडवे बसून विडी ओढत. काय लिहिलंय ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण ‘त्याला पाय लावू नको’ एवढं मला त्यांनीच बजावलं होतं. काचेच्या कपाटातल्या दगडाबद्दल असं कुठल्या आजोबाने कुणाला सांगितलंय?

मोकळा रस्ता

माझ्याच पोस्टवर वेगळा धागा! आभार.

तुमचे आजोबा हजार वर्षांच्या लेखाशेजारी विड्या फुंकत होते, आणि याला तुम्ही जतन म्हणता. मी म्हणतो तो हॉल याचसाठी हवा.

आता माझं ऐका. तीन वर्षांपूर्वी आईला घेऊन रुग्णवाहिकेतून पनवेलला निघालो होतो. वडखळला अडकलो. पावणेदोन तास. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, हे इथे कोणाला सांगायला नको. आई वाचली, पण त्या दिवसापासून रस्त्याच्या कडेला काहीही उभं दिसलं की माझं डोकं फिरतं. भावना दुखावल्या असतील तर दुखावू देत.

आणि ‘दगड जागेवरच हवा’ हा नियम कोणी केला? चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावरचा गोळीबार २५ सप्टेंबर १९३० ला अक्कादेवीच्या डोंगरावर झाला. मानवंदना गावातल्या स्मारकाला होते. म्हणून तिथे हुतात्मा झालेल्या नाग्या कातकरीला लोक विसरले का?

कुलाबावाला

रायगड जिल्हा काय लावलंय? १ जानेवारी १९८१ पर्यंत कुलाबा होता आणि कुलाबाच बरा होता. नाव बदललं ते बदललं, वर मुंबईकरांना वाटतं कुलाबा फक्त त्यांचाच. चालू द्या.

सोलापुरी कडक

‘मराठीतला सगळ्यात जुना’ हे वाक्य वाचून थांबलो. आमच्या हत्तरसंग कुडलला संगमेश्वराच्या देवळात लेख आहे. शके ९४०, ‘वाछि तो विजेया होइवा’. वाचेल तो विजयी होईल! याहून सुंदर मराठी वाक्य दाखवा. तारीख स्वच्छ, भांडण नाही. तुमच्या आक्षीच्या आकड्यांवर मात्र पंडितांमध्येच वाद आहे. केसीदेव नावाचा शिलाहार राजा तेराव्या शतकातही होऊन गेला. लेख त्याचा निघाला तर दोनशे वर्षं गायब.

वाटसरू

आकडे शिलालेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळ्यांनी वाचलेत, मी नाही. अवांतर नको.

सोलापुरी कडक

‘सगळ्यात जुना’ तुम्ही लिहिलंत, आणि अवांतर मी?

पंचांगी जोशीबुवा

मध्ये पडतो. लेखात नुसता आकडा नाही, संवत्सरही आहे, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं वर्षाचं नाव: ‘प्रधावी’ म्हणजे परिधावी. गणित सोपं आहे. १९८७ च्या पाडव्याला प्रभव सुरू झाला. सोळा फेऱ्या, म्हणजे ९६० वर्षं मागे गेलात की १०२७ ला पुन्हा प्रभव. त्याच्या पंधरा वर्षं आधी १०१२. साठातून पंधरा गेले पंचेचाळीस, म्हणजे सेहेचाळिसावा संवत्सर. सेहेचाळिसावा कोणता? परिधावी. शके ९३४ चोख बसतो.

आता तेराव्या शतकातला केशिदेव घ्या. त्याची कारकीर्द १२०३ ते १२३८ अशी धरतात. परिधावी येतो ११९२ ला आणि मग १२५२ ला. एक त्याच्या आधी, एक नंतर. बसवून दाखवा.

सोलापुरी कडक

बुवा, ज्या डोळ्यांनी आकडे वाचले त्याच डोळ्यांनी संवत्सर वाचला ना? झिजलेल्या दगडावर ‘प्रधावी’ दिसतं आणि आकडा मात्र वादाचा, हे कसं?

पंचांगी जोशीबुवा

दोन्ही स्वतंत्रपणे वाचून एकमेकांशी जुळतात, याला पुरावा म्हणतात. सोलापुरात काय म्हणतात?

सोलापुरी कडक

सोलापुरात याला पुणेरी उत्तर म्हणतात.

पंचांगी जोशीबुवा

मी पेणचा आहे.

कुळाचा नातू

छान चाललंय. राजा, प्रधान, देवी, संवत्सर. एवढ्या प्रतिसादांत चरीच्या शेतकरी संपाचं नाव कोणी काढलं? २७ ऑक्टोबर १९३३. पंचवीस गावांनी खोतांची शेतं कसायचं थांबवलं आणि १९३९ पर्यंत, सहा वर्षं, थांबवूनच धरलं. पुढारी नारायण नागू पाटील. १९३४ साली बाबासाहेब स्वतः चरीला आले आणि १९३७ मध्ये त्यांनी खोती, म्हणजे खोतांची जमीनदारी, मोडायचं विधेयक मांडलं. ते स्मारकही धोंडाच ना? तेही हॉलमध्ये? कोणाच्या शेजारी, केसीदेवरायाच्या?

माझी आजी त्या सहा वर्षांतली. करवंदं, लाकूडफाटा, मिळेल ते डोक्यावर घेऊन विकायची. म्हणायची, ‘पोटाला चिमटा काढला, पन खंड नाय दिला.’ खंड म्हणजे खोताला द्यायचा वाटा. हे कुठल्याच शिळेवर नाही. शिळेवर धान्य देणाऱ्या प्रधानाचं नाव असतं. ते पिकवलं कोणी?

वाड्यावरचा

आता विषय निघालाच आहे तर बोलतो. आम्ही खोतांपैकी. चरीचं नाव निघालं की खोत म्हणजे राक्षस हे ठरलेलं. माझ्या पणजोबांनी दुष्काळात खंड माफ केला होता, त्याची वही घरात आहे. १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि आजोबा बोरिवलीला चाळीत राहून कारकुनी करत निवृत्त झाले. आमच्या नावाचा दगड कोणी लावला नाही, आम्ही मागितलाही नाही.

कुळाचा नातू

वही तुमच्याकडेच असणार हो. लिहिता तुम्हालाच येत होतं.

वाड्यावरचा

हे फार झालं. तुम्ही मला ओळखत नाही.

कुळाचा नातू

मी ओळखत नाही, पण आजी वाडा ओळखायची. मागच्या दाराने.

संचालक

यापुढचे दोन प्रतिसाद काढले आहेत. घरादारावर जाऊ नका. संवत्सरावर भांडलात तर चालेल.

अश्दोदची आत्या

मी इथे फार लिहीत नाही, टंकायला वेळ लागतो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आजोळ अलिबागजवळ. आमच्यात केहीमकर, चेऊलकर, रोहेकर, पेणकर. किहीम, चौल, रोहे, पेण ही गावं आम्ही आडनावांत घालून इकडे इस्रायलला आणली. दगड काही आणता आले नाहीत.

२०१८ मध्ये नातीला घेऊन नवगावला आले होते. गलबत फुटून सात जोडपी वाचली आणि बुडालेल्यांना तिथे पुरलं, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. रिक्षावाल्याला म्हटलं, ‘ज्यूंचं कबरस्तान माहीत आहे का?’ त्याला कळेना. मग म्हणाला, ‘म्हणजे शनवारतेल्यांचं? मग असं सांगा ना मावशी.’ शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून आमचं ते नाव. तेलाचा घाणा आमच्या घरातून कधीच गेला आणि शनिवार आता सगळा देशच पाळतो. तो शब्द मी चाळीस वर्षांनी ऐकला, तोही त्याच्या तोंडून. तिथल्या स्मारकस्तंभावर काय लिहिलंय ते नातीने मोबाइलवर टिपून घेतलं. मी मात्र त्या रिक्षावाल्याचंच सगळ्यांना सांगत असते.

तो स्तंभ अलिबागच्या हॉलमध्ये असता तर त्या रिक्षात मी बसलेच नसते. बाकी तुमचं भांडण मला नीट कळलं नाही. खंडाचं फार जुनं आहे का?

कुळाचा नातू

आत्याबाई, फार जुनं. वाड्यावरच्यांना माझा शब्द लागला असेल तर तेवढा मागे घेतो. आजीचा घेत नाही.

वाड्यावरचा

वहीचे फोटो टाकतो. मोडीत आहे, मलाही वाचता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला येत असेल तर बघा. माफी निघाली नाही तर तेही सांगा.

मोकळा रस्ता

ठीक. नवगाव राहू द्या. आक्षीही राहू द्या, नाहीतर गाढव माझ्याच मागे लागेल. चरीचं तर मी नावच घेतलं नव्हतं, ते इथे माझ्या गळ्यात घातलं गेलं. पण वाटसरू, एक सांगा. वर्षातले किती दिवस तुम्ही स्वतः थांबून एखादी पाटी वाचता? आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक स्मारकाच्या खांबालाच बांधतात, तेव्हा दोरी कापायला कोण जातं? मी एकदा गेलो होतो. फलकावरच्या साहेबांचे दोन कार्यकर्ते आले आणि माझ्या गाडीचा नंबर लिहून घेऊन गेले. त्यानंतर मी म्हणू लागलो, हॉलमध्ये न्या.

वाटसरू

हे आधी लिहिलं असतंत तर मी धागाच काढला नसता. ‘धोंडे’ काय म्हणालात!

थांबून वाचतो का? खरं सांगायचं तर आक्षीला गेल्या पाच वर्षांत उतरलेलो नाही. गाडीतूनच हात जोडतो.

मोकळा रस्ता

बघा.

सोलापुरी कडक

हे सगळं मिटलं असेल तर मूळ मुद्द्यावर येऊ या का? कुडल. शके ९४०.

वाटसरू

तो मूळ मुद्दा नव्हता!

पंचांगी जोशीबुवा

रात्री हिशेब केला. तुमच्या कुडलच्या लेखात संवत्सर कालयुक्त दिलाय. शके ९४० म्हणजे १०१८, परिधावीपासून पुढे सहा, बावन्नावा. बावन्नावा कालयुक्तच. तुमचा दगड खरा आहे.

सहा वर्षांनी धाकटा, पण खरा.

सोलापुरी कडक

धाकटा कोण ते आक्षीला येऊन बघतो. जोशीबुवा, पेणला उतरलो तर जेवायला घालणार का?