मदत हवी आहे: मागच्या गॅलीतल्या ओव्हनचा ब्रेकर सारखा ट्रिप होतोय

ए३२० विमान, मागची गॅली (विमानातलं स्वयंपाकघर). जेवण गरम करायला लावलं की दहा-बारा मिनिटांनी एकाच ओव्हनचा सर्किट ब्रेकर बाहेर येतो. धूर नाही, जळका वास नाही, फॉल्ट कोड नाही. शेजारचा ओव्हन व्यवस्थित चालतो, म्हणजे गॅलीचं लोड शेडिंग (वीज कमी पडली की पुरवठा आपोआप तोडणं) झालेलं नाही.

दर वेळी ओव्हनचा स्विच बंद, दार न उघडणं, आग विझवायचा हॅलॉन सिलिंडर हाताशी, इंटरफोनवर कॅप्टनला माहिती, केबिन लॉगमध्ये नोंद एवढं होतंच. 'ब्रेकर एकदा दाबून बघा' असं कृपया सुचवू नका. आत शॉर्ट असेल तर पुन्हा वीज देणं म्हणजे वायरिंगला आग लावणं.

जमिनीवर इंजिनिअर ब्रेकर परत आत दाबतात, रिकामा ओव्हन पाचेक मिनिटं चालवतात आणि 'दोष आढळला नाही' म्हणून नोंद बंद होते. पुढच्या सेक्टरला (उड्डाणाला) कॉफी मेकर बंद ठेवला, ट्रे इन्सर्ट (ट्रे ठेवायची चौकट) बदलला, आत सांडलेलं तेल पुसून घेतलं. फरक शून्य. शंका हीटर एलिमेंट किंवा पंख्याच्या मोटरची आहे, तापल्यावरच इन्सुलेशन दगा देत असावं. पॅनल उघडणं मात्र केबिन क्रूच्या अखत्यारीत नाही.

लाइन मेंटेनन्समधल्या (दोन उड्डाणांच्या मधे विमान तपासणाऱ्या) मंडळींना विचारायचंय: ओव्हनची जागा, लावलेलं तापमान, ट्रिप होईपर्यंतची मिनिटं, भरलेल्या ट्रेंची संख्या, पंख्याचा आवाज हे सगळं नोंदवतोय. याखेरीज नेमकं काय लिहिलं, तर ओव्हन पूर्ण तापवून तपासला जाईल?