मागचा ब्रेक कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) जाम, पिस्टन आत जात नाही, किती जोर लावायचा? (अर्जंट)

समुद्रकाठ:
मागचं डावं चाक प्रचंड तापतंय, गाडी ओढल्यासारखी चालते आणि जळका वास येतो म्हणून आज चाक काढलं. आतला पॅड जवळजवळ संपलाय, बाहेरचा नव्यासारखा आहे. नवीन पॅड आणून ठेवलेत पण पिस्टन आत जाईल तर शपथ, सी क्लॅम्प लावून बसलोय, क्लॅम्प वाकायला लागला पण पिस्टन हलत नाही. अजून जोर लावू का? पाऊस थांबलाय तोवर उरकायचंय, परवा चतुर्थीची पाहुणेमंडळी मांडव्याच्या जेट्टीला उतरणार त्यांना आणायला जायचंय. प्लीज गॅरेजला न्या असं सांगू नका, सगळे बंद आहेत किंवा "गणपतीनंतर या" म्हणतात.

नाना_पुणे:
मागच्या चाकाला ड्रम असतो हो. ड्रमच्या मागे रबरी बुच असतं ते काढून स्क्रू ड्रायव्हरने अ‍ॅडजस्टरचं दातेरी चाक फिरवायचं, मग लायनर सैल होतात आणि ड्रम हातात येतो. नाही आला तर ड्रमला दोन बोल्टची भोकं असतात त्यात बोल्ट पिळायचे. माझ्या जुन्या गाडीचं मी असंच करायचो, आतली धूळ मात्र तोंडाने फुंकू नका, फुप्फुसाला वाईट.

पाना_नंबर_१७:
गाडी कोणती? साल? हँडब्रेक केबलचा का बटणाचा? गाडी किती दिवस उभी होती? आणि गाडी कशावर उचललीय?

घनचक्कर:
हातोडीने दोन टोले द्या कॅलिपरवर, गंज सुटतो. सगळे मेकॅनिक तेच करतात, आपल्याला सांगत नाहीत इतकंच.

समुद्रकाठ:
@नाना कॅलिपर लिहिलंय म्हणजे डिस्कच ना, ड्रमला कुठला कॅलिपर.
सिविक, २००९, वडिलांची. अलिबागला असते, बाबा महिना महिना चालवत नाहीत, हँडब्रेक ओढून उभी. हँडब्रेक साधा केबलचा, मध्ये लिव्हर. पंक्चरच्या जॅकवर आहे.

पाना_नंबर_१७:
थांबा, क्लॅम्प काढा आधी!! हे पहिल्या पोस्टमध्येच लिहायचं होतं. तुमचा हँडब्रेक त्याच कॅलिपरच्या आत आहे, पिस्टनच्या मागे आटे असलेला स्क्रू असतो, हँडब्रेक ओढला की तोच पिस्टनला पुढे ढकलतो. असा पिस्टन नुसता दाबून आत जातच नाही, तो फिरवत फिरवत आत घालायचा. जास्त दाबलात तर आतली यंत्रणा मोडेल. पिस्टनच्या तोंडावर अधिकच्या चिन्हासारखी खाच दिसते का बघा. ती दिसली की घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा, फिरवताना थोडा दाब द्या. त्याचं टूल मिळतं, पण नोज प्लायरची दोन टोकं खाचेत अडकवूनही जमतं, बोटं सांभाळा. हँडब्रेक आधी पूर्ण खाली पाहिजे. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून थोडं ऑइल सिरिंजने काढून ठेवा, नाहीतर पिस्टन आत जाताना ते वर येऊन सांडेल आणि रंग खाईल.

आणि त्या पंक्चरच्या जॅकवर काम करू नका. हँडब्रेक सोडलेली गाडी, ओली जमीन, काय पाहिजे अजून? पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवा. स्टँड असेल तर उत्तमच.

ओंटारियोचा_बर्फ:
आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे हे काम पाचवीला पुजलेलं. तुमच्याकडे मीठ हवेतच आहे, फरक काही नाही. माझं मत, आधी स्लाइड पिन बघा, आतला पॅड संपलाय बाहेरचा नवा, म्हणजे कॅलिपर पिनवर सरकत नाहीये. दोन्ही पिना हाताने आत बाहेर व्हायला हव्यात. अडकली असेल तर ओढू नका, पान्याने डावी उजवी फिरवत हळूहळू बाहेर काढा, बारीक पॉलिश पेपरने पुसा, भोकातला जुना चिकट माल साफ करा आणि सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. रबराचा बूट फाटला असेल तर बदला, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात परत हाच धागा.

घनचक्कर:
सिलिकॉन बिलिकॉन कशाला, बेअरिंगचं पिवळं ग्रीस घरात असतंच की. आणि पिस्टनवर गंज सोडवायचा स्प्रे मारा, पाच मिनिटांत सुटेल.

ओंटारियोचा_बर्फ:
कृपया नको. ते ग्रीस आणि तो स्प्रे दोन्ही पेट्रोलियमचे, ब्रेकच्या रबराला लागले की रबर फुगतं. मग पिन आज सुटली तरी पुढच्या महिन्यात पुन्हा धरते. पेट्रोलने धुवायचं पण नाही, ब्रेक क्लीनर किंवा साधं स्पिरिट घ्या.

घनचक्कर:
वीस वर्षं बेअरिंगचं ग्रीस लावतोय, काही फुगलं नाही.

चिंबोरी:
अलिबागला कुठे? पांढऱ्या कांद्याच्या माळा मिळतील का आता, आमच्या हिला हव्यात.

समुद्रकाठ:
@चिंबोरी उन्हाळ्यात या, आता पावसात राहिलेत ते कोंब आलेले.

पिस्टन फिरतोय!! निम्मा आत गेला, मग जड झाला. खालची पिन खरंच अडकली होती, आता निघाली, काळी गंजलेली. कॅलिपर बादलीवर ठेवलाय, पाइपला लटकत नाहीये, तेवढं माहितीये. पण कॅलिपरवर जो हँडब्रेकचा छोटा लिव्हर आहे तो मी हाताने मागे ढकलला तर जातो पण स्वतःहून मागे येत नाही. केबलमुळे का?

पाना_नंबर_१७:
केबलचं टोक लिव्हरच्या हुकातून काढा आणि परत बघा. केबल काढल्यावर लिव्हर खटकन मागे जाऊन स्टॉपला टेकला तर केबल गंजलीय, ती बदला. केबल काढूनही तसाच अर्ध्यात राहिला तर लिव्हरचा शाफ्टच आत गंजलाय, त्यावरचं सील वाळलं की पाणी आत जातं. मग पॅड, पिना काही बदला, चाक तापणारच. पिस्टन जड होतोय तिथे जबरदस्ती नको, रबरी बूट बाजूला करून पिस्टनच्या कडेला खड्डे पडलेत का बघा.

मीच_तो:
मी काय म्हणतो, ईव्ही घ्या, मोटरच गाडीचा वेग कमी करते, ब्रेक वापरायलाच लागत नाही.

ओंटारियोचा_बर्फ:
@मीच_तो आणि म्हणूनच ईव्हीचे मागचे ब्रेक गंजून जाम होतात. न वापरणं हाच मूळ रोग आहे.

नाना_पुणे:
ड्रमच बरा होता, मी म्हटलंच होतं.

समुद्रकाठ:
केबल काढली. लिव्हर तसाच. पिस्टनच्या कडेला एका बाजूला तपकिरी खड्डे आहेत, नखाला लागतात. सील किट मागवू की पूर्ण कॅलिपर? आणि तोवर केबल काढूनच ठेवली तर परवा मांडव्यापर्यंत जाता येईल का, फक्त जाऊन यायचंय.

घनचक्कर:
जा की बिनधास्त. लिव्हर हाताने मागे ढकलून ठेवा, हँडब्रेक एका चाकाला राहील, उतारावर गिअरमध्ये ठेवा आणि दगड लावा.

पाना_नंबर_१७:
नाही. लिव्हर मागे गेला म्हणजे हँडब्रेक सुटला, पण खड्डे पडलेला पिस्टन पायाच्या ब्रेकला पुढे येऊन तिथेच धरेल, आणि नवीन पॅडवर गाडी भरून माणसं. चाक तापलं की ऑइल उकळतं, पेडल मऊ पडतं, तेव्हा रस्त्यात काय करणार? रिक्षा करा.

सील किट घेऊ नका. खड्डे सीलच्या जागी आले की नवं सीलही गळणार, आणि आतला शाफ्ट घरी खोलायचा तर आतली स्प्रिंग दाबून धरायला वेगळं टूल लागतं. पूर्ण कॅलिपर घ्या, डावा. दुकानात "मागचा डावा" म्हणून सांगा, दोन्ही बाजूंचे वेगळे असतात, हवा काढायचा निप्पल वरच्या बाजूला यायला हवा नाहीतर हवा निघणारच नाही. पाइपच्या बोल्टचे तांब्याचे दोन वॉशर नवे घ्या, जुने परत लावले की तिथून ऑइल पाझरतं. ऑइल झाकणावर लिहिलंय तेच, नवी सीलबंद बाटली, उघडी पडलेली बाटली हवेतलं पाणी ओढते. पिस्टनची खाच पॅडच्या मागच्या उंचवट्यात बसली पाहिजे. हवा काढताना पेडलवर कुणाला तरी बसवा, त्याने पेडल दाबलं की निप्पल उघडा, पेडल वर येण्याआधी बंद करा.

समुद्रकाठ:
ठीके, जुना परत बांधून गाडी कडेला लावली, रिक्षा सांगितली. डावा कॅलिपर पनवेलहून येतोय, बहुतेक गौरीनंतर. उजवा पण एकदा उघडून बघू ना? तो गरम होत नाही.

ओंटारियोचा_बर्फ:
बघा, पिना काढून ग्रीस लावा, अर्ध्या तासाचं काम. आणि बाबांना सांगा आता गाडी उभी करताना हँडब्रेक नाही, गिअर आणि वीट.

चिंबोरी:
कोंब आलेले पण चालतील, किती माळा आहेत?